बिनभट्टीचं, थराथरांचं स्ट्रॉबेरी डेझर्ट : थर टिकत का नाहीत?

घाईगर्दी (रविवार, रात्री ११:२०)

मंडळी, मदत हवी आहे. येत्या शनिवारी घरी बारा जण जेवायला आहेत. ओव्हन नाही, म्हणून ‘नो बेक’ काहीतरी करावं असं ठरवलं. खाली बिस्किटाचा चुरा, वर क्रीम, मग स्ट्रॉबेरीचे तुकडे आणि सगळ्यात वर लालचुटुक जेली. व्हिडिओत त्या बाईंनी चार मिनिटांत केलं होतं.

आज रंगीत तालीम केली. क्रीम वीस मिनिटं फिरवलं, ते ढिम्म हललं नाही. शेवटी तसंच पातळ ओतलं. स्ट्रॉबेरी चिरून साखर लावून ठेवली होती, तीही घातली. वर कोमट जेली ओतली आणि ती माझ्या डोळ्यांदेखत खाली निघून गेली. चार तासांनी फ्रीज उघडला तर वर गुलाबी पाणी, मधे फिकट गुलाबी पाणी आणि तळाला बिस्किटाची लापशी.

दीर म्हणाले, “वहिनी, मिल्कशेक झकास झालाय.” त्यांना वाढलेलं डेझर्ट होतं.

प्रश्न असे : क्रीम घट्ट का होत नाही? थर एकमेकांत न मिसळता कसे बसवायचे? आणि जिलेटिन चालणार नाही, घरात दोघं शाकाहारी आहेत, तर चायनाग्रासने जमतं का?

चमचाभर (रविवार, रात्री ११:३४)

थर नव्हते म्हणू नका, एकोपा होता म्हणा. :)

सायीवरचं मांजर (सोमवार, सकाळी ७:०५)

घाईगर्दी, क्रीमच्या पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात स्निग्धांश लिहिलेला असतो. तो आकडा सांगा, मग पुढचं बोलू.

घाईगर्दी (सोमवार, सकाळी ७:४०)

२५ टक्के! आणि मिक्सरच्या भांड्यात फिरवलं. ते चुकलं का?

सायीवरचं मांजर (सोमवार, सकाळी ८:१५)

दोन्ही चुकलं, पण त्यात तुमचा दोष नाही. पाकिटावर नुसतं ‘क्रीम’ लिहिलेलं असतं आणि माणूस फसतो.

क्रीम फेटतो तेव्हा त्यात हवेचे बुडबुडे शिरतात. बुडबुडा एकट्याने टिकत नाही. त्याच्याभोवती लोण्याचे बारीक कण अर्धवट एकमेकांना चिकटून भिंत उभी करतात, तेव्हा कुठे तो तग धरतो. भिंतीला विटाच कमी पडल्या तर वीस मिनिटं काय, वीस तास फिरवा. निदान ३० टक्के स्निग्धांश लागतो, ३५ असेल तर निर्धास्त. २५ टक्केवालं क्रीम भाजीत, सूपमध्ये घालायला छान. त्याची टोकं उभी राहणार नाहीत.

दुसरी गोष्ट थंडावा. ते कण थंड असले तरच घट्ट राहतात. क्रीम रात्रभर फ्रीजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे), भांडं आणि फेटण्याची पाती अर्धा तास फ्रीझरमध्ये. स्वयंपाकघर तापलेलं असेल तर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून फेटा.

आणि मिक्सरचं पातं कापतं, फेटत नाही. त्यात हवा शिरते कमी आणि कण आपटतात जास्त. चांगल्या क्रीमचंही बघता बघता लोणी होतं. हँड ब्लेंडरला तारांचा फेटणारा भाग असेल तर तो लावा, नाहीतर साधा तारांचा विस्क आणि दंडातली ताकद. फेटताना तारांचे ओरखडे क्रीमवर दिसायला लागले की वेग कमी करायचा. टोक उभं राहून किंचित झुकलं की थांबायचं. तिथून लोणी फक्त अर्ध्या मिनिटावर असतं.

उलथनं (सोमवार, सकाळी ९:५०)

मांजरताईंचं सगळं बरोबर, पण मला एक कळत नाही, क्रीम फेटायचा एवढा अट्टाहास कशाला? मी गेली कित्येक वर्षं क्रीम न फेटता हेच करते. कन्डेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा, २५० ग्रॅम चक्का, चार मोठे चमचे लिंबाचा रस. ढवळायचं. डोळ्यांसमोर दाट होतं, कारण लिंबाच्या आंबटपणाने दुधातलं प्रथिन आळतं. फ्रीजमध्ये चार तासांत सुरीने कापण्याजोगं नाही, पण चमच्यावर उभं राहील इतपत होतं. बारा जणांना कमी पडेल, तेव्हा दीडपट करा. आणि ते २५ टक्केवालं क्रीम उरलंय ना, ते यात अर्धी वाटी घाला, खपून जाईल.

फक्त चक्का नीट निथळलेला हवा. सात-आठ तास टांगा, फ्रीजमध्येच, नाहीतर आंबेल. घाईने दोन तासांत काढलात तर उरलेलं पाणी ते डेझर्टमध्ये सोडणार.

शंकेखोर (सोमवार, सकाळी १०:२०)

कन्डेन्स्ड मिल्क म्हणजे गोडमिट्ट. स्ट्रॉबेरीची आंबटगोड चव मारून टाकते. असं डेझर्ट खाल्ल्यावर पाणी पीत बसावं लागतं.

उलथनं (सोमवार, सकाळी १०:३१)

म्हणूनच लिंबू आहे हो त्यात. प्रतिसाद पूर्ण वाचत जा.

मोजून_मापून (सोमवार, दुपारी १:१०)

दोघींच्या मधला मार्ग सांगतो. माझं प्रमाण २०० मिलीच्या बारा काचेच्या ग्लासांसाठी आहे. मोठ्या भांड्यात करू नका, वाढताना चमचा घातला की थर मोडतात आणि सगळे परत एकोप्यावर येतात.

साधी गव्हाची बिस्किटं २०० ग्रॅम, वितळवलेलं लोणी ९० ग्रॅम, दोन चिमटी मीठ. मीठ विसरू नका, तळाला तोच खरा स्वाद असतो. चुरा रव्याइतका बारीक करा. मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर फुटावा, एवढंच लोणी. जास्त झालं तर फ्रीजमध्ये दगड होतो, चमचा वाकतो. प्रत्येक ग्लासात दोन भरगच्च चमचे, वाटीच्या बुडाने हलकेच दाबायचे आणि अर्धा तास फ्रीजमध्ये. थंड झाल्यावर लोणी आळतं, चुरा धरून ठेवणारा सिमेंट तोच.

मधल्या थराला ३५ टक्केवालं क्रीम ४०० मिली, चक्का ३०० ग्रॅम, दळलेली साखर ८० ग्रॅम. चक्का आणि साखर आधी एकजीव करून घ्या, गुठळी राहू देऊ नका. क्रीम वेगळं फेटा आणि चक्क्यात तीन हप्त्यांत हलक्या हाताने मिसळा. चमच्याने मधून कापायचं, तळापासून उचलून वर आणायचं, भांडं फिरवायचं. गोल गोल घोटायचं नाही, हवा निघून जाते. चक्क्याने आंबूसपणा येतो, क्रीमने हलकेपणा.

स्ट्रॉबेरी एकूण पाऊण किलो. तिचं काय करायचं ते रात्री लिहितो, ऑफिसमध्ये साहेब मागून स्क्रीनकडे बघतायत.

चमचाभर (सोमवार, दुपारी १:१४)

साहेबांना म्हणावं, बारा ग्लासांत एक त्यांचा.

प्रयोगशाळा (सोमवार, संध्याकाळी ६:३०)

चायनाग्रासच्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही, म्हणून लिहिते.

जमतं, पण जिलेटिनची सवय असलेल्यांनी चायनाग्रासला जिलेटिन समजून वापरलं की घोळ होतो. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून येतं, थंड पाण्यात फुलवतात, गरम करून विरघळवतात, उकळत नाहीत. साधारण ३५ अंशाला वितळतं, म्हणून जिभेवर ठेवलं की विरतं. चायनाग्रास, म्हणजे अगर, लाल समुद्रशेवाळातून येतं. त्याला उकळी लागतेच. नुसत्या गरम पाण्यात ढवळून विरघळलं असं वाटतं, पण नंतर धरत नाही. दोन मिनिटं खळखळून उकळू द्या. एकदा धरलं की मात्र ८५ अंशापर्यंत वितळत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात टेबलावर निर्धास्त.

मेख पुढे आहे. ते ३५ ते ४० अंशाच्या आसपासच धरायला लागतं, फ्रीजसुद्धा लागत नाही. म्हणजे तुम्ही फोन घ्यायला गेलात आणि परत आलात तर जेली पातेल्यातच झालेली असते. (झालीच तर परत उकळा, बिघडत नाही.)

शिवाय आंबट रसाबरोबर उकळलं तर त्याची पकड कमी होते. म्हणून चायनाग्रास साध्या पाण्यात आणि साखरेत उकळायचं, गॅस बंद करायचा, मग स्ट्रॉबेरीचा गर घालायचा. २ ग्रॅम पावडर, १५० मिली पाणी, ४० ग्रॅम साखर, १५० मिली गाळलेला गर. गर फ्रीजमधला थंडगार नको, नाहीतर पडल्या पडल्या चायनाग्रासच्या गुठळ्या होतात. पावडरऐवजी पट्ट्या असतील तर वजन करून घ्या आणि आधी अर्धा तास भिजवा.

भुईचक्र (सोमवार, संध्याकाळी ७:००)

जेलीवरून आठवलं. मी एकदा वर सजावटीला ताजी किवी आणि अननस लावून जिलेटिनची जेली ओतली होती. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली, पाणीच. वाटलं जिलेटिन कमी पडलं, दुप्पट घातलं. परत पाणी. तिसऱ्यांदा जिलेटिनचं अख्खं पाकीट घातलं, नवरा म्हणाला सरस वाचव, खुर्ची चिकटवायची आहे. तिसऱ्यांदाही पाणी!

प्रयोगशाळा (सोमवार, संध्याकाळी ७:१२)

भुईचक्र, किवी, अननस, पपई या ताज्या फळांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. जिलेटिन हे प्रथिनच, त्यामुळे तुम्ही जितकं घालाल तितकं ती खात बसतात. फळ शिजवलं किंवा डब्यातलं वापरलं की उष्णतेने विकरं निकामी होतात. चायनाग्रास प्रथिन नाही, त्याला हा त्रास नाही. स्ट्रॉबेरीचाही जिलेटिनला काही त्रास नाही.

भुईचक्र (सोमवार, संध्याकाळी ७:१५)

हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर खुर्ची तरी चिकटली असती.

आजोबा_ऑनलाइन (सोमवार, रात्री ८:४५)

फळाचाच विषय निघाला आहे तर सांगतो. स्ट्रॉबेरी ही वनस्पतिशास्त्राप्रमाणे ‘बेरी’ नव्हेच. आपण जो लाल गर खातो तो फुलाचा फुगलेला देठाकडचा भाग. वर ज्या पिवळसर बिया दिसतात, त्यातली प्रत्येक ‘बी’ हे खरं फळ, आणि त्याच्या पोटात बी. उलट केळं मात्र शास्त्राप्रमाणे बेरी आहे.

आणखी गंमत म्हणजे ही आजची टपोरी स्ट्रॉबेरी फार जुनी नाही. आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७१४ साली चिलीहून मोठ्या फळांच्या जातीची रोपं फ्रान्सला नेली. पुढे उत्तर अमेरिकेतल्या जातीशी तिचा संकर झाला, त्यातून आपली बागेतली स्ट्रॉबेरी आली. आणि फ्रेंचमध्ये स्ट्रॉबेरीला म्हणतात ‘फ्रेझ’. फ्रेझिएने फ्रेझ आणली!

चमचाभर (सोमवार, रात्री ८:५२)

आजोबा, म्हणजे केळ्याचं डेझर्ट केलं तर ते खरं बेरी डेझर्ट, आणि घाईगर्दीताईंनी केलं ते देठ डेझर्ट?

शंकेखोर (सोमवार, रात्री ९:०५)

धागा रुळावर आणा. शनिवार जवळ आलाय.

मोजून_मापून (सोमवार, रात्री १०:४०)

आलो. आता स्ट्रॉबेरी. माझ्या मते घाईगर्दींच्या डेझर्टचा खरा घात क्रीमपेक्षा इथे झाला.

स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. तिला चिरून साखर लावली की साखर ते पाणी बाहेर ओढते. अर्ध्या तासात वाटीच्या तळाला लाल पाक जमतो. तो पाक तुम्ही तुकड्यांसकट क्रीमवर ओतलात. तुम्ही स्वतःच आतून पाण्याचा नळ सोडलात म्हणायचं.

मी पाऊण किलोचे तीन भाग करतो. ३०० ग्रॅम चिरून, तीन चमचे साखर लावून तासभर ठेवतो आणि चाळणीवर निथळतो. खाली जमलेला पाक मंद आचेवर निम्मा होईपर्यंत आटवतो, गार करतो आणि तुकड्यांना फक्त माखेल एवढाच परत लावतो. दुसरे ३०० ग्रॅम मिक्सरमधून काढून गाळतो, तो जेलीचा गर, प्रयोगशाळाताईंच्या प्रमाणाने. बाकीच्या दीडशे ग्रॅमच्या उभ्या पातळ चकत्या काचेला आतून चिकटवतो, कापलेली बाजू बाहेर. पण त्या चकत्या टिपकागदावर कोरड्या करून घ्या. ओली चकती काचेवरून घसरते आणि मागे गुलाबी ओघळ सोडते.

धुताना देठ काढू नका. देठ काढून धुतलं की पाणी आत शिरतं. आधी धुवा, कोरडी करा, मग देठ काढा. आणि फ्रीजमध्ये ठेवताना न धुता ठेवा, ओली ठेवली तर दुसऱ्या दिवशी बुरशी.

उलथनं (सोमवार, रात्री १०:५८)

मी सगळीच शिजवते. पाच मिनिटं साखरेबरोबर आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून. पाण्याचा प्रश्नच मिटतो.

सायीवरचं मांजर (सोमवार, रात्री ११:०६)

पाण्याबरोबर स्ट्रॉबेरीही मिटते, उलथनंताई. शिजवल्यावर तो जॅम झाला. ताज्या फळाचा वास उकळीला उडून जातो. जे कच्चं दिसतं ते कच्चंच असावं, फक्त निथळलेलं असावं, या मताची मी.

उलथनं (सोमवार, रात्री ११:१५)

फळ आंबट, फिकं निघालं तर कच्चं खाऊन दाखवा मग. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पुढे पिकत नाही. केळ्यासारखी घरी आणून दोन दिवस ठेवली की गोड होईल असं नसतं, नुसती मऊ पडते. खांद्यापाशी पांढरी असेल तर नंतर थोडा रंग चढेल, गोडी नाही. अशा फळाला पातेलंच दाखवावं लागतं.

सायीवरचं मांजर (सोमवार, रात्री ११:१८)

हे मान्य.

पाहुणा_कलाकार (मंगळवार, सकाळी ११:३०)

मी फ्रोझन स्ट्रॉबेरी वापरते, वर्षभर मिळतात आणि चिरायला लागत नाहीत. चालेल ना?

प्रयोगशाळा (मंगळवार, सकाळी ११:४४)

जेलीच्या गराला उत्तम. तुकड्यांच्या थराला नको. गोठताना बर्फाचे स्फटिक फळाच्या पेशी फोडतात, वितळल्यावर सगळं पाणी सुटतं. याच कारणाने, डेझर्ट लवकर धरावं म्हणून कोणी फ्रीझरमध्ये ढकलू नका. चायनाग्रासची जेलीही गोठून वितळली की पाणी सोडते. जपानमध्ये चायनाग्रास बनवण्याची जुनी पद्धतच मुळी ही आहे, रात्री गोठवायचं, दिवसा वितळवायचं, पाणी काढून टाकायचं.

घाईगर्दी (गुरुवार, रात्री ९:३०)

सर्वांना दंडवत. आज चार ग्लासांची दुसरी तालीम केली. ३५ टक्केवालं क्रीम मिळालं आणि साडेचार मिनिटांत उभं राहिलं! मी स्वयंपाकघरात एकटीच होते तरी टाळ्या वाजवल्या. चक्क्याबरोबर मिसळलं, थर पांढराशुभ्र बसला. स्ट्रॉबेरी निथळली. मोजून_मापून, वाटीभर पाक निघाला हो! हा सगळा रविवारी माझ्या बिस्किटांत गेला होता.

चायनाग्रासची जेली सुरेख झाली. पण खाताना चमचा घातला तर जेलीची अख्खी चकती सुटून झाकणासारखी वर आली. मुलाने ती उचलून खिडकीला लावून पाहिली. चिकटत नाही म्हणाला. आता हे काय?

प्रयोगशाळा (गुरुवार, रात्री ९:५२)

चायनाग्रासची ही खोडच आहे. खालचा थर गार आणि गुळगुळीत असेल आणि जेली फार निवल्यावर ओतली, तर दोघांची ओळखच होत नाही. तीन गोष्टी करा. पावडर २ वरून दीड ग्रॅमवर आणा, जेली मऊ होईल. क्रीमचा वरचा थर चमच्याच्या पाठीने सपाट करू नका, खडबडीत ठेवा. आणि स्ट्रॉबेरीचे तुकडे क्रीम आणि जेलीच्या मधे अशा बेताने घाला की ते निम्मे क्रीममध्ये रुतलेले आणि निम्मे वर असतील. जेली त्यांना धरेल, ते क्रीमला धरतील.

जेली कोमट असतानाच घाला, बोट सहज बुडवता येईल इतपत. जास्त गरम ओतली तर क्रीम वितळतं. चमच्याच्या उलट्या बाजूवरून ओता, म्हणजे धार एका जागी पडून खड्डा पडणार नाही.

शंकेखोर (गुरुवार, रात्री १०:१०)

मुख्य प्रश्न राहिलाच. किती तास आधी करायचं? मी खाल्लेल्या प्रत्येक बिस्किटवाल्या डेझर्टचा तळ ओला कागद झालेला असतो.

उलथनं (गुरुवार, रात्री १०:२२)

ओला कागद नाही, मऊ केक म्हणा. क्रीम आणि अख्ख्या बिस्किटांचे थर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून केक करतात तो मुद्दाम याचसाठी. सात-आठ तासांत बिस्किट क्रीममधला ओलावा पितं आणि भट्टीत न जाता केकसारखं होतं. तळ मऊच छान लागतो. आदल्या रात्री करा आणि झोपा.

मोजून_मापून (गुरुवार, रात्री १०:४५)

तो केक वेगळा आणि हा चुरा वेगळा. तिथे अख्खं बिस्किट फुलतं, इथे चुऱ्याची माती होते. तळ कुरकुरीतच हवा, नाहीतर क्रीम, जेली, फळ सगळंच मऊ आणि दातांना कामच नाही. घाईगर्दी, चुरा दाबून गार झाला की त्यावर वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात फिरवा. १०० ग्रॅम बारा ग्लासांना पुरतं. चॉकलेट आळलं की क्रीमचं पाणी खाली जात नाही. मग आदल्या रात्री केलंत तरी चालेल.

चमचाभर (गुरुवार, रात्री १०:५१)

मऊवादी आणि कुरकुरीतवादी, दोन्ही गटांनी कृपया शांततेने आंदोलन करावे.

सायीवरचं मांजर (शुक्रवार, सकाळी ७:३०)

मी कुरकुरीतवादी. आणि एक आठवण, क्रीम आहे आणि कापलेलं फळ आहे, तेव्हा ग्लास जेवणाआधी टेबलावर मांडून ठेवू नका. दोन तासांच्या वर फ्रीजबाहेर नको, फार उकाडा असेल तर तासभरच. झाकूनही ठेवा. क्रीम शेजारच्या डब्यातल्या कांद्याचा वास चटकन पकडतं, हे मी अनुभवाने सांगते. अनुभव विचारू नका.

भुईचक्र (शुक्रवार, सकाळी ८:१०)

विचारणारच. कोण जेवायला होतं?

सायीवरचं मांजर (शुक्रवार, सकाळी ८:१२)

सासूबाई. पुढचं विचारू नका.

घाईगर्दी (रविवार, सकाळी १०:१५)

झालं एकदाचं! शुक्रवारी रात्री तळ आणि क्रीम, शनिवारी सकाळी स्ट्रॉबेरी आणि जेली. पाचव्या ग्लासाला पोचेपर्यंत पातेल्यात जेली धरायला लागली, परत उकळी काढली, पाण्याचा शिपका मारला, बाकीचे सात पार पडले. काचेवरच्या चकत्यांपैकी दोन घसरल्या, ते ग्लास भिंतीकडे तोंड करून ठेवले.

पण थर! पांढरा वेगळा, लाल वेगळा, तळ वेगळा. दीर ग्लास उजेडासमोर धरून म्हणाले, “वहिनी, हे प्यायचं कसं?” म्हटलं चमच्याने.

उरलेला आटवलेला पाक बाटलीत भरून ठेवला होता, तो सासऱ्यांनी थंड पाण्यात घालून सरबत म्हणून संपवला. डेझर्टपेक्षा त्यांना तेच आवडलं.

आणि तो वाद. सहा ग्लासांना चॉकलेट लावलं, सहांना नाही. पाहुण्यांना काहीच सांगितलं नाही. चॉकलेटवाले खरंच कुरकुरीत राहिले होते, सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ले. बिनचॉकलेटवाले जरा नरम, तेही संपले, म्हणजे एक सोडून. तो फ्रीजमध्ये मागे राहिला होता.

मोजून_मापून (रविवार, सकाळी १०:४०)

अभिनंदन! कुरकुरीत पक्ष विजयी.

उलथनं (रविवार, सकाळी १०:४४)

मागे राहिलेला ग्लास कुठे आहे?

घाईगर्दी (सोमवार, रात्री ११:०५)

आत्ता खाल्ला, ओट्याला टेकून, दिवा न लावता. दोन दिवस झालेत. तळ पार मऊ झालाय, स्ट्रॉबेरीचा रस थोडा खाली उतरलाय.

मोजून_मापून, रागावू नका. मला हाच जास्त आवडला.

उलथनं (सोमवार, रात्री ११:०७)

:) :) :)

मोजून_मापून (सोमवार, रात्री ११:३०)

दोन दिवसांनी चॉकलेटवाल्याचं काय झालं असतं, ते न बघता निकाल देऊ नये. मी उद्या दोन्ही करून ठेवतोय.